नाळेतील रक्त आणि गोठविलेले स्त्रीबीज : धार-देवासच्या संदर्भात एक परिचय

एखाद्याचे मूळ गाव सांगताना 'तिथे त्याची नाळ पुरली आहे' असे म्हणण्याचा प्रघात आपल्याकडे फार जुना आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पवार घराण्यातील सरदार माळव्यात स्थिरावले आणि धार, तसेच देवासची थोरली व धाकटी पाती, अशी संस्थाने उदयास आली. त्यांच्यासमवेत गेलेल्या मराठी कुटुंबांच्या कित्येक पिढ्यांच्या नाळा त्या काळ्या मातीत पुरल्या गेल्या. प्रसूतीनंतर वार आणि नाळ मातीआड करावयाची, याहून तिचा काही उपयोग असेल असे कोणाच्या मनातही आले नव्हते.

आता मात्र हीच नाळ जपून ठेवण्याविषयी विचारणा होऊ लागली आहे. घरात सून वा लेक गरोदर असली की नाळेतील रक्त साठवून ठेवणाऱ्या खाजगी पेढ्यांची माहितीपत्रके हाती पडतात. 'बाळाच्या पुढील आयुष्याचा विमा' असे त्यांचे वर्णन केलेले असते. रक्कम पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढे जाते आणि ती हप्त्यांनीही भरता येते. याच्या जोडीला तरुण मुलींची स्त्रीबीजे गोठवून ठेवण्याची सोयही मोठ्या शहरांत उपलब्ध झाली आहे. या दोन्ही गोष्टींत शास्त्र किती व आशा किती, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. धार जिल्ह्यात हा प्रश्न केवळ सुखवस्तू घरांपुरता उरत नाही. त्याचे कारण पुढे येईल.

नाळरक्त म्हणजे काय?

मूल जन्मल्यावर नाळ कापली जाते, तेव्हा वारेत व नाळेत थोडे रक्त शिल्लक असते. हे रक्त बाळाचेच असते, आईचे नव्हे. त्यात रक्ताच्या मूलपेशी असतात. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठण्यास साहाय्य करणाऱ्या बिंबिका या सर्वांची निर्मिती ज्या पेशींपासून होते, त्या ह्या पेशी होत. मोठ्या माणसात त्यांचे वास्तव्य हाडांच्या पोकळीतील मज्जेत असते. एखाद्या रुग्णाची मज्जा निकामी झाली, अथवा ती सदोष रक्त बनवू लागली, तर ती औषधांनी नष्ट करून तिच्या जागी दुसऱ्याच्या निरोगी मूलपेशी शिरेतून सोडतात. त्या आपली वाट शोधीत हाडांच्या पोकळीत जाऊन रुजतात. यालाच अस्थिमज्जा-प्रत्यारोपण म्हणतात.

मज्जेऐवजी नाळरक्त वापरून असे प्रत्यारोपण प्रथम ऑक्टोबर 1988 मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात डॉ. एलियान ग्लुकमन यांनी केले. रुग्ण होता अमेरिकेतील पाच वर्षांचा एक मुलगा. फॅन्कोनी ॲनिमिया या आनुवंशिक विकारामुळे त्याची मज्जा निकामी होत चालली होती. त्याच्या आईला पुन्हा दिवस गेले होते. होणारे मूल निरोगी असून त्याच्या पेशी भावाच्या पेशींशी जुळतात असे तपासणीत आढळले होते. बहिणीच्या जन्माच्या वेळी नाळरक्त गोळा करण्यात आले, डॉ. हॅल ब्रॉक्समायर यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत ते गोठविण्यात आले आणि विमानाने पॅरिसला नेण्यात आले. मुलगा त्या रक्तविकारातून बरा झाला.

या हकीकतीतील एक गोष्ट वाचकांनी नीट ध्यानात घ्यावी. मुलाला बरे केले ते बहिणीच्या नाळरक्ताने. त्याचे स्वतःचे नाळरक्त साठविलेले असते तरी त्याचा काही उपयोग झाला नसता, कारण विकाराचे बीज त्यातही असते. माहितीपत्रकांत ही गोष्ट बहुधा बारीक अक्षरांत असते, किंवा नसतेच.

धार जिल्ह्याशी संबंध

धार जिल्ह्याच्या लोकसंख्येत निम्म्याहून अधिक वाटा आदिवासींचा आहे. कुक्षी, मनावर, गंधवानी, बाग या भागांत भिल्ल व भिलाला समाजाची वस्ती आहे. देवास जिल्ह्यातही दक्षिणेकडील बागलीच्या डोंगराळ भागात भिल्ल व कोरकू राहतात. सातपुडा ओलांडून आले की आपला नंदुरबार जिल्हा लागतो. तेथील भिल्ल व पावरा समाजाशी या लोकांचे सोयरसंबंध आहेत. या साऱ्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार आढळतो. महाराष्ट्रात या विकारावर दीर्घकाळ संशोधन करणारे हडपसरच्या महाराष्ट्र आरोग्य मंडळाचे डॉ. सुदाम काटे यांना 2019 मध्ये पद्मश्री देण्यात आली, हे अनेकांना स्मरत असेल.

या विकारात तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन सदोष असते. प्राणवायू कमी पडला की गोल, लवचिक पेशी ताठर होऊन कोयत्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हातपाय, छाती, पाठ यांत असह्य वेदना उठतात, पंडुरोग जडतो, प्लीहा वाढते, वारंवार ताप येतो. हा सदोष गुण आई व वडील या दोघांकडूनही आला तरच मूल रुग्ण होते. एकाकडूनच आला तर ते केवळ वाहक राहते व सर्वसाधारण आयुष्य जगते. दोन वाहकांचा विवाह झाला, तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण होण्याचा संभव चारांत एक, वाहक होण्याचा चारांत दोन आणि पूर्ण निरोगी होण्याचा चारांत एक असतो. पहिले मूल रुग्ण झाले म्हणजे पुढची तीन सुटली, असा समज खेड्यांत ऐकू येतो. तो चुकीचा आहे. दर वेळी चिठ्ठ्या नव्याने टाकल्या जातात.

मध्य प्रदेशात सिकलसेल अभियानाचा प्रारंभ 15 नोव्हेंबर 2021 रोजी झाला. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 रोजी त्याच राज्यातील शहडोल येथून सुरू करण्यात आले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, हे त्याचे उद्दिष्ट होय. मध्य प्रदेशातील एक कोटीवे तपासणी व समुपदेशन पत्रक 17 सप्टेंबर 2025 रोजी धार जिल्ह्यातच पंतप्रधानांच्या हस्ते देण्यात आले.

आता कुक्षीकडील एक घर डोळ्यांसमोर आणावे. चार वर्षांचा मुलगा सिकलसेलचा रुग्ण आहे, दर महिन्या-दोन महिन्यांनी त्याला रुग्णालयात न्यावे लागते, आणि आई पुन्हा गरोदर आहे. या घराच्या दृष्टीने नाळरक्ताला खरा अर्थ आहे. येणाऱ्या बाळाच्या पेशी थोरल्या भावाशी पूर्णपणे जुळण्याचा संभव चारांत एक असतो. बाळ स्वतः रुग्ण नसण्याचा संभव चारांत तीन, कारण वाहक भावंडाच्या पेशीही चालतात. हे दोन्ही गुण वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असल्याने एकमेकांवर अवलंबून नसतात. तेव्हा दोन्ही गोष्टी एकत्र साधण्याचा संभव 1/4 गुणिले 3/4, म्हणजे सोळांत तीन होतो. दहावीच्या वर्गात संभाव्यता शिकविताना गुरुजनांना हे उदाहरण फाशांच्या उदाहरणापेक्षा अधिक उपयोगी वाटावे.

सोळांत तीन हे प्रमाण लहान खरे, पण कुटुंबाला सोडून देण्याजोगे नाही. ज्या घरात आधीच असा रुग्ण आहे, तेथे नव्या बाळाचे नाळरक्त त्या भावंडासाठी राखून ठेवणे वैद्यकशास्त्राला मान्य आहे. तथापि हेही सांगितले पाहिजे की, ती एकच वाट नव्हे. नाळरक्त घेता आले नाही, तरी जुळणारे भावंड थोडे मोठे झाल्यावर त्याची मज्जा घेता येते, आणि तिच्यात पेशीही पुष्कळ मिळतात. इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात 2018 पासून अस्थिमज्जा-प्रत्यारोपण होऊ लागले. इंदूर हे देवासपासून सुमारे 35 आणि धारपासून सुमारे 60 किलोमीटरवर आहे. त्यामुळे अशा कुटुंबाने प्रथम तेथे चौकशी करावी, खाजगी पेढीकडे नव्हे.

गर्भातील बाळाला विकार आहे की नाही, हे साधारण दहा ते बारा आठवड्यांत वारेचा सूक्ष्म अंश तपासून कळू शकते. मुंबईत परळ येथे के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षारक्तशास्त्र संस्थेत या विकारांचे गर्भावस्थेतील निदान केले जाते. अशी तपासणी केवळ नोंदणीकृत केंद्रातच करता येते, आणि तीत गर्भाचे लिंग सांगणे हा गुन्हा आहे.

स्वतःसाठी साठवणूक

निरोगी आईबापांच्या निरोगी बाळाचे नाळरक्त त्याच्याच भविष्यासाठी साठवावे काय, हा प्रश्न निराळा आहे. आनुवंशिक विकारात स्वतःचे रक्त निरुपयोगी ठरते, हे वर आलेच. रक्ताच्या कर्करोगातही डॉक्टर बहुधा स्वतःच्या नाळरक्ताचा अवलंब करीत नाहीत, कारण रोगाची सुरुवात करणारा दोष जन्माच्या वेळी त्यात असू शकतो. शिवाय परक्या पेशी उरल्यासुरल्या कर्करोगी पेशींचा नाश करतात, तो लाभ स्वतःच्या पेशींपासून मिळत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निवेदनात, पहिल्या वीस वर्षांत स्वतःचे नाळरक्त वापरावे लागण्याचा संभव 0.04 ते 0.0005 टक्के इतका दिला आहे. म्हणजे अगदी अनुकूल हिशेब धरला तरी अडीच हजारांत एक. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांतही खाजगी व्यापारी साठवणुकीची शिफारस केलेली नाही, आणि नाळेचे ऊतक, दाताचा गर इत्यादी गोष्टींच्या साठवणुकीस तर अनुमतीच नाही. फ्रान्स व इटली या देशांनी अशा खाजगी पेढ्यांना आपल्याकडे वावच ठेवलेला नाही.

दुसरा हिशेब पेशींचा. प्रत्यारोपणासाठी रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे निदान अडीच कोटी पेशी लागतात. चांगल्या भरलेल्या पिशवीत सुमारे शंभर कोटी पेशी असतात असे धरले, तरी ती चाळीस किलोच्या मुलालाच पुरेल. मूल साठ किलोचा तरुण झाला की तीच पिशवी अपुरी पडते. 'आयुष्यभराचा विमा' या शब्दप्रयोगाची येथेच अडचण होते.

देवासचे नाव निघाले की मराठी माणसाला पंडित कुमार गंधर्वांची आठवण होतेच. 1948 मध्ये क्षयाने ग्रासलेले कुमारजी कोरड्या हवेसाठी देवासला आले. पुढे स्ट्रेप्टोमायसिन हे त्या वेळचे नवे औषध त्यांना मिळाले आणि ते पुन्हा गाऊ लागले. दूर परदेशातील प्रयोगशाळेत सापडलेले औषध माळव्यातील एका घरात असे जीव वाचवून गेले. मग नाळरक्ताबद्दलच इतका संशय का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर त्याच सालात आहे. रुग्णांचे दोन गट करून, एकाला औषध देऊन व दुसऱ्याला न देऊन घेतलेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचे निष्कर्ष ब्रिटनमध्ये 1948 सालीच प्रसिद्ध झाले होते. औषधाचे गुण आणि मर्यादाही तीत उघड झाल्या. नाळरक्ताने स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मधुमेह बरा होईल अशी जी आश्वासने दिली जातात, त्यांना असा आधार अद्याप लाभलेला नाही. जे सिद्ध झाले आहे ते रक्ताच्या, प्रतिकारशक्तीच्या व काही चयापचयाच्या विकारांपुरते. त्यासाठी जगभर नाळरक्ताची चाळीस हजारांवर प्रत्यारोपणे झाली. त्यांतील बहुतेकांत दुसऱ्याचे, सार्वजनिक पेढीत दान केलेले अथवा भावंडाचे रक्त वापरले गेले.

सिकलसेलवर जनुकीय उपचारही आता निघाला आहे. ब्रिटनने नोव्हेंबर 2023 मध्ये आणि अमेरिकेने पुढच्याच महिन्यात त्यास मान्यता दिली. त्यात रुग्णाच्याच मूलपेशी काढून, दुरुस्त करून परत देतात. पण त्या पेशी मोठ्या वयातील रुग्णाच्या रक्तातूनच घेतल्या जातात. त्यासाठी जन्मवेळचे रक्त लागत नाही. उपचाराचा खर्च अमेरिकेत सुमारे बावीस लाख डॉलर आहे. गंधवानीच्या रुग्णापर्यंत तो कधी पोहोचेल, हे आज सांगणे कठीण.

पहिला हक्क बाळाचा

या साऱ्या चर्चेत एक साधी गोष्ट मागे पडते. जन्मानंतर एक ते तीन मिनिटे नाळ तशीच राहू दिली, तर वारेतील ऐंशी ते शंभर मिलीलिटर रक्त बाळाच्या शरीरात जाते. तीन किलोच्या बाळाला हा वाटा लहान नव्हे. त्यातील लोह पुढील कित्येक महिने त्याला पुरते आणि पंडुरोगास आळा बसतो. नाळ एक मिनिटाच्या आत बांधू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. बाळाला श्वास देण्यासाठी तातडीने हलवावे लागत असेल तर गोष्ट वेगळी. पिशवी भरण्याच्या घाईत नाळ लगेच बांधली, तर उद्याच्या अनिश्चित लाभासाठी आजचा निश्चित लाभ गमावला जातो. ज्या भागात अंगणवाडीतील मुलांत पंडुरोग नित्याचा आहे, तेथील परिचारिका व प्रसूतितज्ज्ञांनी ही गोष्ट आग्रहाने सांगावी असे लेखकाचे स्पष्ट मत आहे.

स्त्रीबीज गोठविण्याचे तंत्र

पेशी गोठवून ठेवण्याचे शास्त्र आपल्या खेड्यांना तसे अपरिचित नाही. कृत्रिम रेतनासाठी गोठीत रेतमात्रांचे द्रवनत्राचे पात्र घेऊन येणारा कर्मचारी सर्वांनी पाहिलेला असतो. त्या पात्रात उणे 196 अंश सेल्सिअस तापमान असते. नाळरक्त आणि स्त्रीबीजही अशाच द्रवनत्रात राहते. ग्लिसरीन मिसळल्यास गोठविलेले शुक्रजंतू जिवंत राहतात, हा शोध इंग्लंडमध्ये 1949 मध्ये लागला.

स्त्रीबीज मात्र सहजासहजी वश झाले नाही. शुक्रजंतू इवलासा व जवळजवळ कोरडा, तर स्त्रीबीज ही शरीरातील सर्वांत मोठी पेशी, पाण्याने भरलेली. सावकाश थंड केले की आत बर्फाचे स्फटिक होतात आणि ते पेशीला फाडतात. यावरील तोड गृहिणींच्या चटकन लक्षात येईल. साखरेचा पाक हळूहळू निवू दिला की खडीसाखरेचे टोकदार खडे जमतात. तोच पाक घट्ट करून चटकन निवविला की चिक्कीसारखा काचेप्रमाणे गुळगुळीत थर होतो, त्यात खडा नसतो. स्त्रीबीजातील बरेचसे पाणी काढून, त्यात संरक्षक द्रव्य भरून, ते क्षणार्धात द्रवनत्रात बुडविले की स्फटिक न होता त्याची जणू काच होते. ही पद्धत या शतकाच्या आरंभी रूढ झाली. त्यापूर्वी जुन्या पद्धतीने गोठविलेल्या स्त्रीबीजापासून पहिला जन्म ऑस्ट्रेलियात 1986 मध्ये डॉ. ख्रिस्तोफर चेन यांच्या प्रयत्नाने झाला होता. त्याच वर्षी 6 ऑगस्ट रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांनी परीक्षानलिकेतील बालिका जन्मास आली. कलकत्त्याचे डॉ. सुभाष मुखर्जी यांनी तर 1978 मध्येच गोठविलेल्या भ्रूणापासून जन्म घडविला होता. हयातीत त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, आणि त्यांच्या कागदपत्रांचा अभ्यास करून पुढे त्यांना श्रेय मिळवून दिले ते याच आनंदकुमारांनी.

स्त्रीबीज गोठविण्याची खरी निकड कोणाला, याचे उत्तर पुन्हा सिकलसेलपाशी येते. प्रत्यारोपणापूर्वी मज्जा नष्ट करण्यासाठी जी तीव्र औषधे देतात, ती अंडाशयातील बीजांचाही नाश करतात. कर्करोगाच्या उपचारांतही असेच घडते. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या अंडाशयांत दहा ते वीस लाख बीजे असतात, वयात येताना तीन-चार लाख उरतात, आणि नवी कधीही तयार होत नाहीत. रोगातून सुटलेली वीस वर्षांची तरुणी अपत्याला मुकू नये, म्हणून औषधांपूर्वी बीजे काढून ठेवण्याचा विचार डॉक्टरांनी तिच्याशी व घरच्यांशी आधीच बोलावा. आजाराच्या गडबडीत हे बोलणे राहून जाते आणि नंतर बोलून उपयोग नसतो. बीजे काढण्यासाठी दहा-बारा दिवस संप्रेरकांची इंजेक्शने द्यावी लागतात. सिकलसेलच्या रुग्णात या काळात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा व वेदनेचा झटका येण्याचा धोका असतो, म्हणून रक्तविकारतज्ज्ञ सोबत असणे आवश्यक आहे. वयात न आलेल्या मुलीची बीजे अशी काढता येत नाहीत. तिच्यासाठी अंडाशयाचा तुकडाच जतन करण्याचा मार्ग काही मोजक्या केंद्रांत आहे.

नोकरी वा शिक्षणासाठी विवाह लांबणीवर टाकणाऱ्या स्त्रियाही आता हा मार्ग घेतात. तो त्यांचा अधिकार आहे. मात्र गोठविलेले प्रत्येक बीज म्हणजे एक मूल नव्हे. काही बीजे वितळविताना नष्ट होतात, काहींचे फलन होत नाही, काही गर्भाशयात रुजत नाहीत. म्हणूनच डॉक्टर दहा ते वीस बीजे साठविण्यास सांगतात. पस्तिशीनंतर काढलेल्या बीजांचे यश झपाट्याने घटते.

साहाय्यभूत जननतंत्र (विनियमन) अधिनियम, 2021 हा जानेवारी 2022 पासून अंमलात आला. नोंदणी नसलेल्या केंद्रास बीजे साठविता येत नाहीत. अशी सेवा घेणाऱ्या स्त्रीचे वय 21 ते 50 असावे लागते. बीजदान करणारी स्त्री 23 ते 35 वयाची असावी, तिने आयुष्यात एकदाच दान करावे आणि तिच्याकडून सातांपेक्षा अधिक बीजे काढू नयेत, असे बंधन आहे. दात्याची बीजे व भ्रूण दहा वर्षांपलीकडे साठविता येत नाहीत. बीजांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. गरीब वस्तीतील मुलींना पैशाचे आमिष दाखवून कोणी नेत असल्याचे आढळल्यास शिक्षकांनी व ग्रामसेवकांनी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यास कळवावे.

नाळरक्ताच्या पेढीला औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांन्वये अनुज्ञप्ती लागते. करारावर सही करण्यापूर्वी ती पाहावी. पिशवीत प्रत्यक्ष किती पेशी मिळाल्या याचा लेखी अहवाल मिळेल काय, संख्या कमी भरल्यास रक्कम परत होईल काय, आणि पेढी बंद पडली तर पिशवीचे काय, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत.

सिकलसेलची प्राथमिक तपासणी अभियानाच्या जिल्ह्यांत शासकीय आरोग्य केंद्रांवर विनामूल्य होते. बोटाच्या टोकातून घेतलेला रक्ताचा एक थेंब त्यास पुरतो. विवाह ठरविताना मुलामुलीचे तपासणी पत्रक एकमेकांना दाखवावे. दोघेही वाहक निघाल्यास समुपदेशकाची भेट घ्यावी. घरात आधीच रुग्ण मूल असून आई पुन्हा गरोदर असल्यास, दिवस गेल्याचे कळताच, निदान दहाव्या आठवड्यापूर्वी, रुग्ण मुलाचे पत्रक व आईवडिलांचे तपासणी अहवाल घेऊन जिल्हा रुग्णालयात जावे.